एकशे एकविसावी ओळ

चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. घरी हेच काम मी फुकट करते, असं नवऱ्याचं म्हणणं आहे. आमची कंपनी जुने व्हिडिओ गेम विकत घेते, झाडूनपुसून नव्या यंत्रांवर चालतील असे करते आणि पुन्हा बाजारात आणते. गेम बाहेर जाण्याआधी तो मोडून बघणं हे माझं काम. भिंतीत घुसायचं, दुकानदाराला नसलेली वस्तू विकायची, पुलाच्या मधोमध उभं राहून चौदा वेळा मागेपुढे करायचं. स्वभाव मुळातच खुसपटं काढणारा, त्यामुळे बरं जमतं.

मागच्या वर्षी आमच्याकडे आला तो गेम प्राणी पकडण्याचा होता. गवतातून, गुहांतून, तळ्याकाठून हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना शिकवायचं आणि झुंजायला लावायचं. एकूण एकशे वीस प्राणी. काजळ्या, दगडफोड्या, फुसफुशी, अशी त्यांची नावं. सव्वीस वर्षांपूर्वी तो निघाला तेव्हा पोरांनी नुसता डोक्यावर घेतला होता. त्यात एक एकशे एकविसावा प्राणीही निघाला, जो कुणी बनवलेलाच नव्हता.

खेळणारे त्याला ठिगळ म्हणतात. तो यायला एक ठरलेली खटपट करावी लागते. तिसऱ्या गावातल्या नावाड्याशी बोलायचं, होडीत बसायचं, उतरायच्या आत पिशवीतल्या सगळ्या वस्तू टाकून द्यायच्या आणि रिकाम्या पिशवीनिशी किनाऱ्याच्या कडेकडेने चालायचं. दहाबारा पावलांत गाठ पडते. अर्धं अंग घराच्या कौलांचं, मधे कुठल्यातरी माशाची शेपटी, डोक्याच्या जागी तीन आकडे, आणि आवाज दुकानातलं संगीत उलटं वाजवल्यासारखा. त्याला बरोबर घेतलं की गावातली माणसं एकमेकांची वाक्यं बोलायला लागतात. म्हातारी विचारते, पलीकडे सोडू का? नावाडी म्हणतो, माझ्या नातवंडांना कुठे पाहिलंत का? इथपर्यंत गंमत. पण कधीकधी यंत्र बंद करून चालू केलं की जपून ठेवलेला सगळा खेळ पुसलेला असतो. पहिल्या वर्षी कितीतरी पोरांचे महिन्यामहिन्यांचे खेळ असे गेले. पालकांची पत्रं आली, दुकानांनी खोकी परत पाठवली, आणि ज्या प्रोग्रामरची ही चूक होती त्याला कंपनीने काढून टाकलं.

तो प्रोग्रामर म्हणजे माझे सासरे. त्यांना आम्ही नाना म्हणतो.

चूक अगदी साधी होती. गेममध्ये प्राण्यांचा एक तक्ता असतो. एका प्राण्याची एक ओळ, ओळीत चार आकडे: चित्र कुठे आहे, आवाज कुठे आहे, जोर किती, नाव कुठे. एकशे वीस ओळी संपल्या की खाली एक शेवटची ओळ लागते, चारही शून्यं. ती गेमला सांगते की यादी संपली, आता पुढे वाचू नकोस. ती ओळ टाकायची राहिली. सामानाच्या यादीखाली रेघ मारली नाही आणि त्याच कागदावर खाली कुणाचा पत्ता लिहिलेला असला, तर एखादा भाबडा दुकानदार पत्ताही पिशवीत भरायला जाईल, तसं ते झालं. यादीपुढे गावातल्या घरांची माहिती होती. गेमने तीच एकशे एकविसावा प्राणी म्हणून वाचली.

आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, कारण सासूबाई ती विसरूच देत नाहीत. नानांकडून गीझर चालू राहिला की आतून हाक येते, "शेवटची ओळ!" डब्याचं झाकण उघडं, शेवटची ओळ. नळ टपकतोय, शेवटची ओळ. लग्न होऊन मी या घरात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर त्या मला म्हणाल्या होत्या, "हे बघ, यांनी हातात घेतलेलं काम पूर्ण झालंय असं कधी समजायचं नाही. या घरात शेवटची ओळ मलाच टाकावी लागते." पाहुणे हसले. नानाही हसले. बारा वर्षं मी बघतेय, ते दर वेळी हसतात.

सासूबाईंना तसं बोलायचा हक्क होता, असं मला वाटायचं. नानांची नोकरी गेली त्याच सुमारास त्या कोर्टात टायपिस्ट म्हणून लागल्या आणि तिथूनच निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदात चूक सापडत नसे. न्यायाधीश म्हणत, या बाईंचा कागद वाचायचा नाही, खाली सही करायची. निरोप समारंभात कुणीतरी हे वाक्य भाषणात म्हटलं, ते त्यांनी मला निदान पन्नासदा तरी ऐकवलं असेल. घरातला नियमही तोच होता. त्यांनी लिहिलेलं, टाइप केलेलं तपासायचं नाही. स्वतःच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी नानांनी बाईंचं एक पत्र पाकिटात घालण्यापूर्वी वाचून पाहिलं, तर चार दिवस अबोला. नानांनी तेव्हाच कानाला खडा लावला.

नाना पुढे एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवायचे आणि घर बघायचे. पुन्हा गेम बनवले नाहीत. मात्र वर्षातून एकदा कपाटातून ते जुनं यंत्र काढायचे आणि चारपाच दिवस बसून तो गेम अगदी शेवटापर्यंत खेळायचे. सगळे एकशे वीस प्राणी मिळाले की पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं खालून वर सरकतात. अकरा नावं. नाना ती एकेक मोठ्याने वाचायचे. अकरावं झालं की पुढची आभाराची पाटी यायच्या आत यंत्र बंद. बारावं नाव त्यांचं होतं, ते दुसऱ्या खेपेच्या वेळी काढून टाकलं होतं. मी एकदा म्हटलं, "नाना, वाईट नाही वाटत?" तर म्हणाले, "वाईट कसलं? मित्र भेटतात." आणि यंत्राची वायर इतकी नीट गुंडाळत बसले की मला पुढे बोलवेना.

म्हणून हा गेम आमच्याकडे आला तेव्हा मी त्याच दिवशी साहेबांना सांगून टाकलं की हे माझे सासरे. उद्या कुणी उकरून काढण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. साहेब माणूस बरा आहे, फक्त दर वाक्याला कायदेवाल्यांची आठवण काढतो. त्यांनी जुन्या कंपनीची फाइल माझ्यापुढे ठेवली. नानांच्या बडतर्फीचं पत्र होतं त्यात. खाली नानांनी स्वतः लिहून दिलेलं एक वाक्य: शेवटची ओळ टाकण्यास मी विसरलो, जबाबदारी सर्वस्वी माझी.

मी विचारलं, "नव्या गेममध्ये नावांची यादी जाणार ना? त्यांचं नाव घालता येईल?"

"यादीत सगळी जुनी माणसं घेणार आहोत," साहेब म्हणाले. "पण चुकीसाठी ज्यांना काढलं, त्यांचं नाव घालू नका असं कायदेवाल्यांचं म्हणणं आहे. ज्यांचे खेळ पुसले त्यातलं कुणी उद्या भांडायला आलं तर काय घ्या!"

"आणि चूक त्यांची नव्हती असं निघालं तर?"

"तर प्रश्नच मिटला. प्रत्येक जुन्या चुकीची कारण-नोंद तुम्हीच लिहिताय. काय झालं, का झालं, कुणाकडून झालं. पुराव्यासकट काही वेगळं दाखवा, नाव घालतो. शुक्रवारपर्यंत यादी बंद होईल."

तो सोमवार होता. मला खरं तर काही वेगळं निघेल अशी आशा नव्हती. पण प्रयत्न न करता शुक्रवार येऊ देणं माझ्याच्याने झालं नसतं.

संध्याकाळी घरी नावांच्या यादीचं, साहेबांच्या अटीचं आणि शुक्रवारचं सगळं सांगितलं आणि नानांना विचारलं, "तो दिवस आठवतो का? नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय? विसरलो." ते वर्तमानपत्रातलं कोडं सोडवत होते, मान वर केली नाही. "लिहून टाक तसंच."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. खरोखर चुकलेला माणूस लांबलचक बोलतो. त्या दिवशी डोकं दुखत होतं, वीज गेली होती, शेजारचं कुत्रं भुंकत होतं, काय वाट्टेल ते सांगतो. एका शब्दात कबुली देणारा माणूस काहीतरी झाकत असतो. मी म्हटलं, "तुमचे जुने कागद कुठेत, तक्त्याचे?"

"गेले. रद्दीत."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "रद्दीत कुठले? माळ्यावर बिस्किटांच्या डब्यात आहेत की. मागच्या साफसफाईला मीच काढत होते, तर कसे धावत आलात!" आणि स्टूल घेऊन स्वतःच डबा काढून मला दिला. नानांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. कोड्याच्या चौकोनावर शाईचा ठिपका मोठा होत गेलेला मी बघितला.

डबा मी ऑफिसात नेला आणि जेवणाच्या सुट्टीत उघडला. आत चौकटीचे तीन मोठे कागद. नानांचं बारीक, सरळ अक्षर. एका कागदावर चाळीस ओळी. दीड दिवस मी जुन्या प्रोग्रामची हजारो पानं पालथी घातली होती आणि उत्तर या डब्यात होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा.

प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा होत्या, एक निळी, एक लाल. दोघांची कामाची पद्धत मला ऐकून माहीत होती. नाना दोन बोटांनी टाइप करणारे, त्यामुळे ऑफिसने घरी दिलेल्या कॉम्प्युटरवर तक्ता सासूबाईंनी भरला होता. नाना आकडे वाचत आणि निळी खूण करत. सासूबाई टाइप करत आणि लाल खूण करत. हे घरात कुणी लपवलं नव्हतं. विसरायचं काम नानांचं आणि टाइप करायचं सासूबाईंचं, अशीच वाटणी सगळ्यांनी धरली होती. ओळ वाचायची राहिली, तर टाइप करणारीने काय करावं?

तिसऱ्या कागदावर चाळिसावी ओळ चौकटीच्या अगदी तळाशी होती. निळी खूण, लाल खूण. तिच्याखाली, चौकटीच्या बाहेर समासात, नानांच्या हातची चार शून्यं. त्यांच्यापुढे निळी खूण.

लाल नव्हती.

मी कागद उजेडात धरून बघितला, पालथा करून बघितला. मग तिन्ही कागदांवरच्या सगळ्या खुणा मोजल्या. निळ्या एकशे एकवीस, लाल एकशे वीस. नानांनी ओळ लिहिली होती आणि वाचलीही होती. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, काय सापडलं? मी म्हटलं, काही नाही. पहिल्यांदाच एखादी चूक सापडली म्हणून मला वाईट वाटलं.

गुरुवारी सासूबाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. मी अर्धी रजा घेऊन घरी आले. नाना इस्त्री करत होते. सगळ्यांच्या शर्टांना इस्त्री तेच करतात, आणि प्रत्येक शर्टाची बटणं वरून खाली ओढून बघतात. ती त्यांची जुनी सवय. मी काही न बोलता तिसरा कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी इस्त्री उभी केली. "तुला सापडणारच होतं," ते म्हणाले. "डबा दिला तेव्हाच कळलं मला."

"काय झालं होतं?"

"बटण." ते जरा हसले. "शर्टाचं बटण तुटलं होतं, ते आम्ही खुणेला वापरायचो. ज्या ओळीवर काम चाललंय तिच्यावर बटण ठेवायचं. म्हणजे दारात कुणी आलं, दूध उतू गेलं, तर परत येऊन कुठून सुरू करायचं ते कळतं. त्या दिवशी सकाळी साडेआठला फ्लॉपी द्यायची होती, आणि सगळ्यांसमोर गेम दाखवायचा होता. मी शर्ट घालता घालता शेवटची ओळ वाचली, खूण केली, बटण तिच्यावर ठेवलं. तेवढ्यात हिचं लक्ष गेलं, पोटावर बटणच नाही. म्हणाली, असे जाणार साहेबांसमोर? उठली, कागदावरचं बटण उचललं, सुईदोरा आणला आणि माझ्या अंगावरच शिवलं. परत खुर्चीत बसली तर कागदावर बटण नाही. म्हणजे काम झालेलं. चौकट भरलेली दिसत होती. फ्लॉपी काढून माझ्या हातात दिली."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"दारात विचारलं. म्हटलं, शेवटची टाकलीस ना? म्हणाली, मी काही सोडते का कधी?" त्यांनी शर्टाची बाही सरळ केली. "आणि हिचं तपासायचं नाही, हे तर तुला ठाऊकच आहे."

"आणि तुम्ही सव्वीस वर्षं तोंडात मूग धरून बसलात?" माझा आवाज चढला. "नोकरी गेली, नाव गेलं, रोज घरात टोमणे! एकदा, फक्त एकदा सांगायचं होतं!"

"कधी सांगायचं? चूक बाहेर आली त्या महिन्यात हिची कोर्टाची टायपिंगची परीक्षा होती. वयाची अट बघता ती शेवटची संधी. माझी नोकरी तर जातच होती, मी ओळ विसरलो म्हण की न तपासता दिली म्हण. तेव्हा तिला सांगितलं असतं, तर ती परीक्षेला बसलीच नसती. बसली असती तर हात थरथरला असता. मग खायचं काय आपण?"

"आणि नंतर?"

"नंतर ती इतकी छान काम करायला लागली! माझं चुकत नाही, या एका गोष्टीवर ती उभी आहे, तुला कळत नाही का? ती टोमणे मारते तेव्हा मला बरं वाटतं. म्हणजे तिला माहीत नाही." त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली. "अज्ञात म्हणून लिही. नाव नको मला. आपलेच दात, आपलेच ओठ."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. कुणाचा, ते ठरेना. सासूबाईंचा धरावा तर त्यांना पत्ताच नव्हता. नानांचा धरावा तर कसा धरावा? शेवटी ऑफिसच्या नोंदीत मी लिहिलं: ठिगळ, कारण अज्ञात. बारा वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून लिहिलेली माझी ही पहिली खोटी नोंद. कागद डब्यात ठेवले, डबा माळ्यावर ठेवला.

दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, पण घाईत तिसरा कागद सगळ्यात वर ठेवला, घडी वर, आणि झाकण नीट बसवलं नाही. उंटावरच्या शहाण्याने खाली उतरून काम केलं की हे असं होतं.

शुक्रवारी सकाळी नाना आंघोळ करून बाहेर आले. गीझरचा लाल दिवा तसाच जळत होता. मी पोळीचा घास हातात धरून हाकेची वाट बघत बसले. हाक आली नाही. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. त्या उठल्या, गीझर बंद केला आणि परत येऊन बसल्या.

नवऱ्याने विचारलं, "आई, दात दुखतोय का अजून?"

नाना मात्र उभेच राहिले. टॉवेल खांद्यावर, केस ओले. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं, मग माळ्याकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"बोल की," ते सासूबाईंना म्हणाले. "गीझर राहिला माझा."

"राहू दे."

"अगं, बोल. शेवटची ओळ म्हण."

"कशी म्हणू?" सासूबाईंचा आवाज चिरकला. इतक्या वर्षांत तो असा मी कधी ऐकला नव्हता. "काल संध्याकाळी झाकण तिरकं दिसलं म्हणून डबा काढला. लाल खूण माझी असते हो. मी केली नाही, म्हणजे मी टाइप केलं नाही. हे कळायला मला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. रात्रभर एकच मोजत होते, किती वेळा म्हटलं असेन मी. दिवसातून दोनदा धरलं तरी..." त्या थांबल्या. "लोकांसमोर म्हटलं मी. सुनेसमोर म्हटलं. आणि तुम्ही हसत होतात!"

"मला हसू यायचं म्हणून हसत होतो."

"खोटं बोलू नका!"

"बरं," नाना म्हणाले. "पहिली दोन वर्षं नाही यायचं. नंतर यायला लागलं."

नवऱ्याला अजून काहीच कळलं नव्हतं, तो सगळ्यांची तोंडं बघत होता. सासूबाई उठून आत गेल्या. आम्हाला वाटलं, आता दार लावून घेतील आणि चार दिवसांचा अबोला. दहा मिनिटांनी त्या ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या, खांद्याला पर्स, हातात बिस्किटांचा डबा.

"चल," मला म्हणाल्या. "यादी आज बंद होते ना? तूच म्हणत होतीस सोमवारी."

नाना म्हणाले, "अगं, कशाला? झाकली मूठ..."

"ती मूठ माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी उघडते."

ऑफिसात त्यांनी साहेबांना नमस्कार केला, डबा टेबलावर ठेवला आणि टाइप करायला यंत्र मागितलं. साहेब गोंधळून स्वतःच्या खुर्चीवरून उठले. सासूबाई बसल्या आणि मान वर न करता एक पान टाइप केलं. वीस वर्षं कोर्टात लोकांचे जबाब टाइप केलेली बाई, स्वतःचा जबाब कसा लिहायचा ते तिला सांगावं लागलं नाही. ओळ यांनी लिहिली होती. वाचून दाखवली होती. निळी खूण हा पुरावा. मी टाइप केली नाही. विचारल्यावर मी केली असं सांगितलं. यांनी माझ्यावरची जबाबदारी स्वतःवर घेतली, मला ते माहीत नव्हतं. खाली नाव, सही, तारीख. छापलेला कागद हातात घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच. चूक असेल तर सांग."

मी वाचला. चूक नव्हती. माझी खोटी नोंद मी तिथेच साहेबांसमोर पुसली आणि खरी लिहिली. त्यांनी काय झालं ते ओळखलं असणार, पण कायदेवाल्यांची आठवण काढली नाही. नानांचं नाव यादीत गेलं, बारावं. मग साहेबांनी विचारलं, "बाई, तुमचंही नाव घालू? तक्ता तुम्ही टाइप केलाय."

"चूक केली त्याचं नाव घालत नाहीत ना तुम्ही?"

"ते काढून टाकलेल्यांचं. तुम्हाला कुणी ठेवलंच नव्हतं, तर काढणार कोण?"

सासूबाई पहिल्यांदा जरा हसल्या. पण हो म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, आधी काम नीट करू दे.

काम होतंच. इतकी वर्षं लोकांनी ठिगळवर जीव लावला होता. त्याला काढलं तर खेळणारे आमच्या दाराशी येऊन बसले असते. म्हणून ठरलं की ठिगळला यादीत रीतसर घ्यायचं, एकशे एकविसावा प्राणी म्हणून. अंग कौलांचंच, शेपटी माशाचीच, पण त्याच्यामुळे कुणाचा खेळ पुसला जाणार नाही. आणि त्याच्याखाली यादी संपल्याची ओळ. एकूण दोन ओळी. मी त्या अर्ध्या मिनिटात टाकल्या असत्या. रविवारी ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला.

जेवणाच्या टेबलावर सासूबाई लॅपटॉपसमोर बसल्या, शेजारी लाल पेन्सिल. समोर नाना, हातात तोच तिसरा कागद, निळी पेन्सिल. चार शून्यांच्या वर जागा नव्हती म्हणून त्यांनी ठिगळची ओळ बाजूच्या समासात उभी लिहिली होती. वाचायला सुरुवात करणार तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "थांबा. बटणं आहेत ना सगळी?"

नानांनी शर्टावरून हात फिरवला. "आहेत."

"मग वाचा."

त्यांनी ठिगळचे चार आकडे वाचले. निळी खूण. सासूबाईंनी टाइप केलं, लाल खूण. मग नाना खालच्या ओळीवर आले. "शून्य," ते म्हणाले. "शून्य. शून्य. शून्य." जुन्या निळ्या खुणेशेजारी त्यांनी दुसरी निळी खूण केली. चार वेळा कळ दाबल्याचा आवाज आला. सासूबाईंनी लाल पेन्सिल उचलली, पण खूण केली नाही.

"टाकलीस?" नानांनी विचारलं.

मी काही सोडते का कधी, हेच उत्तर येणार असं मी मनात धरून ठेवलं होतं. सासूबाईंनी लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून टेबलावरून फिरवला आणि पडदा नानांच्या समोर केला.

"तपासा," त्या म्हणाल्या.

नानांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला लागले. एकशे बावीस ओळी होत्या. सासूबाई लाल पेन्सिल हातात धरून शेवटपर्यंत बसून राहिल्या.